द्यायचं ठरवलंय, पण कशातून?

"आधी धंदा नीट बसू दे, मग समाजासाठी काहीतरी करू." चांगल्या मनाची माणसं व्यवसाय सुरू करताना हे हमखास बोलतात आणि मनापासून बोलतात. तरीही पाच-सात वर्षांनी पाहावं तर धंदा बसलेला असतो आणि ते ‘मग’ काही उजाडलेलं नसतं. यात कुणाची दानत कमी पडली असं समजायचं कारण नाही. खरं कारण हिशोबाच्या वहीत सापडतं. नफा ही वहीतली सगळ्यात शेवटची ओळ. तिच्या आधी कच्चा माल, पगार, भाडं, व्याज, घसारा, कर हे सगळे आपापला वाटा घेऊन जातात. त्यातूनही काही उरलंच तर नवं यंत्र, वाढीव माणसं, मोठी जागा हे गिऱ्हाईक दारात उभंच असतं. देण्याला या रांगेत शेवटी उभं केलं की त्याची पाळी येत नाही.

म्हणून समाजाला काही परत देणारा छोटा उद्योग किंवा ना-नफा संस्था काढायची असेल, तर ‘काय द्यायचं’ याच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागतो: हे देणं वहीच्या कोणत्या ओळीवर लिहायचं? ती ओळ ठरली की नोंदणी कोणत्या प्रकारची, दर किती, पैसा कुणाकडून, मालकी कुणाची, हे निर्णय बरेचसे तिच्या मागोमाग येतात. उलट क्रमाने जाणारे लोक नोंदणीवर सहा महिने घालवतात आणि पैसा येणार कुठून हे नंतर शोधतात.

विक्रीतून की नफ्यातून

सगळ्यात सोपी रचना घेऊ. धंदा नेहमीसारखाच, फक्त त्यातला काही भाग चांगल्या कामाला जातो. समजा वर्षभरात १०० ची विक्री झाली आणि सगळा खर्च वजा जाता ८ उरले. एकाने जाहीर केलंय, ‘नफ्याचा १० टक्के भाग देणार’. दुसरा म्हणतो, ‘विक्रीचा १ टक्का’. ऐकताना पहिला उदार वाटतो. प्रत्यक्षात पहिला देतो ०.८ आणि दुसरा १. पुढचं वर्ष वाईट गेलं, १०० च्या विक्रीवर २ च उरले. पहिल्याचं देणं ०.२ वर आलं, दुसऱ्याचं १ च राहिलं, म्हणजे त्याचा निम्मा नफा गेला. आणि तोटा झाला तर पहिला सुटतो, दुसऱ्याला मात्र भांडवलातून द्यावं लागतं.

नफ्यातून देणं धंद्याला सांभाळून घेतं, विक्रीतून देणं घेणाऱ्याला सांभाळून घेतं. पण आणखी एक फरक आहे आणि तो कुणी उघड बोलत नाही. नफा हा आकडा मालकाच्या हातात बराच असतो. स्वतःचं मानधन वाढवलं, गाडी धंद्याच्या नावावर घेतली, की नफा खाली आणि देणंही खाली. सगळं कायद्यात बसवून. विक्रीचा आकडा असा दाबता येत नाही. पॅटागोनिया या कपड्यांच्या अमेरिकी कंपनीने १९८५ पासून विक्रीचा १ टक्का पर्यावरणाच्या कामाला द्यायला सुरुवात केली. तिचे संस्थापक इव्हॉन शुनार्ड यांनी क्रेग मॅथ्यूज यांच्यासह २००२ मध्ये ‘वन पर्सेंट फॉर द प्लॅनेट’ ही संघटना काढली, तेव्हाही अट विक्रीच्या १ टक्क्याचीच ठेवली. नफ्याची भाषा त्यांनी मुद्दाम टाळली.

माझं मत विचाराल तर ज्या धंद्यात शंभरामागे दोन-तीनच सुटतात, त्याने विक्रीचा टक्का जाहीर करण्याच्या फंदात पडू नये. पहिल्याच मंदीत वचन मोडेल आणि मोडलेलं वचन न दिलेल्या वचनापेक्षा महागात पडतं. ज्याचा मुख्य खर्च स्वतःची बुद्धी आणि वेळ आहे, उदाहरणार्थ सल्ला, शिकवणी किंवा आरेखन, त्याने मात्र नफ्याच्या आड लपू नये. दोघांनीही देण्याची रक्कम भाड्यासारखी दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावी आणि वस्तूचा दर ठरवतानाच ती खर्चात धरावी. वर्षअखेरीस एकदम काढायची म्हटली की ती डोळ्यावर येते.

देणं कामातच असेल तर

दुसऱ्या प्रकारात वेगळं काही ‘द्यायचं’ नसतंच, कामच असं बेतलेलं असतं की त्यातून कुणाचं तरी भलं होतं. याचं जगभर अभ्यासलेलं उदाहरण मदुराईचं. सरकारी सेवेतून ५८ व्या वर्षी निवृत्त झालेल्या डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये तिथे ११ खाटांचं अरविंद नेत्र रुग्णालय सुरू केलं. मोतीबिंदूने आलेलं आंधळेपण एका छोट्या शस्त्रक्रियेने जातं, पण ज्याला ते येतं त्याच्याकडे बहुधा पैसे नसतात. अरविंदने ठरवलं की पैसे भरणाऱ्या रुग्णांच्या फीमधून जे उरेल त्यावर मोफत आणि नाममात्र दरातल्या शस्त्रक्रिया चालतील.

इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं आणि लोक इथेच थांबून नक्कल करायला जातात. ‘श्रीमंताकडून जास्त घेऊ, गरिबाला फुकट देऊ.’ पण श्रीमंत खुळा नसतो. त्याला दुसरीकडे स्वस्त मिळालं की तो तिकडे जातो. अरविंदचं खरं कसब फी वसूल करण्यात नाही, एका शस्त्रक्रियेमागचा खर्च खाली आणण्यात आहे. शल्यगृहात दोन टेबलं शेजारी शेजारी असतात. एका टेबलावर शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार करून ठेवलेला असतो. सर्जन एकाचं संपवून दुसऱ्याकडे वळतो. तपासणी, मोजमाप, तयारी ही कामं खेड्यापाड्यांतून आलेल्या आणि तिथेच प्रशिक्षण घेतलेल्या मुली करतात, त्यामुळे डॉक्टरचा वेळ फक्त डॉक्टरनेच करायच्या कामाला लागतो. डोळ्यात बसवायचं भिंग परदेशातून आणणं परवडेना, तेव्हा १९९२ मध्ये अरोलॅब हा स्वतःचा कारखाना काढून ते आयात भिंगाच्या तुलनेत अगदी अल्प किमतीत बनवायला सुरुवात केली. खर्च इतका खाली आल्यावर नेहमीच्या फीमध्येही पुरेसं उरतं.

त्यात एक बारीक पण मोलाचा नियम आहे. गरीब असल्याचा दाखला कुणी मागत नाही. कोणत्या विभागात जायचं ते रुग्ण स्वतः ठरवतो. पैसे भरले तर खोली चांगली, सोयी जास्त. डॉक्टर मात्र दोन्हीकडे तेच, पाळीपाळीने. फरक आरामात आहे, डोळ्याच्या उपचारात नाही. त्यामुळे फुकट विभागातला माणूस दुय्यम ठरत नाही आणि ऐपत असलेला बहुधा आपणहून पैशाच्या रांगेत जातो. दाखले तपासायला माणसं ठेवावी लागत नाहीत, हा खर्चही वाचला.

हे गणित सगळीकडे लागू पडत नाही, आणि का पडत नाही ते समजून घेण्यासारखं आहे. रुग्णालयात इमारत, यंत्रं, डॉक्टरांचे पगार हा खर्च मोठा आणि ठरलेला असतो. रुग्ण वाढले की तो जास्त माणसांवर विभागला जातो आणि आणखी एका रुग्णाचा वाढीव खर्च थोडाच पडतो. प्रशिक्षण, सॉफ्टवेअर, तपासणी केंद्र, वाचनालय यांचंही तसंच. पण फर्निचर बनवणाऱ्याचा निम्म्याहून जास्त खर्च लाकडातच जातो. त्याने एक टेबल फुकट दिलं तर त्या टेबलाचं लाकूड पुन्हा विकत आणावं लागतं. अशा धंद्याने एकावर एक फुकटच्या मागे लागू नये.

त्याच्यासाठी दुसरी वाट आहे: विकताना नाही, विकत घेताना देणं. बांगलादेशात फजले हसन अबेद यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेली ब्रॅक ही संस्था मानिकगंज भागातल्या बायकांना रेशमाचं काम शिकवत होती. माल तयार व्हायचा, शहरातल्या दुकानांत जायचा आणि पैसे मिळायला महिनोन्‌महिने लागायचे. हातावर पोट असलेल्या बाईला ‘पैसे दोन महिन्यांनी’ म्हणजे काम न मिळाल्यासारखंच. १९७८ मध्ये ब्रॅकने स्वतःचंच दुकान काढलं, आडोंग नावाचं. त्याचं मुख्य काम माल हातात पडताच रोख पैसे देणं हे होतं. पुढे त्या दुकानांची साखळी झाली आणि तिच्यातली शिल्लक ब्रॅकच्या इतर कामांना जाऊ लागली.

ही गोष्ट छोट्या उद्योजकाने नीट पाहावी. पुरवठादार लहान असेल तर त्याचं बिल पंधरा दिवसांत चुकतं करणं ही देणगीपेक्षा मोठी मदत असू शकते, कारण उधारीवर चालताना त्याला व्याजाने पैसे उचलावे लागतात. नव्वद दिवस बिलं थकवायची आणि वर्षअखेरीस वह्या वाटपाचा फोटो काढायचा, हा प्रकार काय कमी दिसतो? तुमचं खेळतं भांडवल त्याच्या पोटातून काढलेलं असतं, इतकंच.

पैसा एकाचा, गरज दुसऱ्याची

साध्या धंद्यात एक मोठी सोय असते. वस्तू वाईट निघाली तर गिऱ्हाईक परत येत नाही आणि तुम्हाला आठवड्याभरात कळतं. ना-नफा संस्थेत ही घंटा वाजत नाही. पैसे देणारा देणगीदार असतो, वस्तू वापरणारा लाभार्थी. देणगीदार वापरत नाही, आणि जो वापरतो त्याचं मत विचारलं जात नाही. फुकट मिळालेल्या वस्तूबद्दल तक्रार करणार कोण?

दक्षिण आफ्रिकेतून निघालेल्या ‘प्लेपंप’चं असंच झालं. मुलांनी खेळायचं चक्र आणि त्याखाली पाण्याचा पंप: मुलं गोल फिरणार, पाणी वर टाकीत चढणार. कल्पना इतकी गोड की २००६ मध्ये अमेरिकेत तिच्यासाठी १ कोटी ६४ लाख डॉलरच्या मदतीची घोषणा झाली आणि आफ्रिकेत चार हजार पंप बसवायचं लक्ष्य ठरलं. पण पाणी भरायची वेळ पहाटेची, तेव्हा मुलं झोपलेली. मग बायकांनाच ते जड चक्र ढकलावं लागे, साध्या हातपंपापेक्षा जास्त ताकद लावून. ‘द गार्डियन’ने हिशोब मांडला: जितक्या लोकांना पाणी पुरवायचं उद्दिष्ट होतं, त्यासाठी मुलांना रोज २७ तास खेळावं लागेल! दुरुस्तीचा खर्च टाकीवरच्या जाहिरातींतून निघेल असं धरलं होतं. दूरच्या खेड्यात जाहिरात देणार कोण? देणाऱ्यांना चित्र आवडलं होतं. पाणी भरणाऱ्या बायकांना आधी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी उत्तर मिळालं असतं.

यावर पुष्कळदा सुचवला जाणारा उपाय म्हणजे ‘थोडे तरी पैसे घ्या, फुकटाची किंमत नसते’. हे इतकं पटण्यासारखं वाटतं की तपासायचं कुणाला सुचत नाही. जेसिका कोहेन आणि पास्कलीन दुपास या दोन अर्थशास्त्रज्ञांनी केनियात ते तपासलं. गरोदर बायकांसाठीच्या दवाखान्यांत मलेरियापासून बचावाच्या मच्छरदाण्या कुठे फुकट, कुठे वेगवेगळ्या दरांत ठेवल्या. किंमत शून्यावरून ०.६० डॉलरवर नेली तेव्हा घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के बिंदूंनी कोसळलं. आणि ज्यांना फुकट मिळाली त्या बायका विकत घेणाऱ्यांइतक्याच ती वापरत होत्या. फुकट म्हणून वापर कमी झाला नाही.

याचा अर्थ सगळं फुकट द्या असा नाही. दर लावताना कशासाठी लावतोय ते स्वतःला स्पष्ट असावं. संस्था चालावी म्हणून पैसे हवे असतील तर ज्याच्याकडे आहेत त्याच्याकडून घ्या. लोकांना खरंच हवंय का हे कळावं म्हणून दर लावत असाल तर तो ठीक आहे, कारण नको असलेली गोष्ट लोक विकत घेत नाहीत. पण ‘सवय लागावी’, ‘किंमत कळावी’ असल्या उपदेशासाठी लावलेला दर बहुतेक वेळा सर्वांत गरजू माणसालाच बाहेर ठेवतो.

‘ना-नफा’ म्हणजे कफल्लक नव्हे

ना-नफा संस्थेने शिल्लक टाकू नये, असा एक गैरसमज खुद्द संस्थांच्या विश्वस्तांतही असतो. कायद्याचा मूळ नियम बहुतेक देशांत एकच आहे: शिल्लक राहिली तर ती मालकांत, सभासदांत वाटता येत नाही, उद्दिष्टासाठीच वापरावी लागते. शिल्लक राहू नये असं त्यात कुठे म्हटलेलं नाही. उलट ती राहिलीच पाहिजे. निदान तीन महिन्यांचा पगार आणि भाडं निघेल इतकी गंगाजळी नसेल तर एक अनुदान लांबलं की संस्था कोलमडते आणि तिच्यावर विसंबलेली माणसं उघड्यावर पडतात.

आता देणग्यांमधली एक मेख. देणगीदार साधारणपणे प्रकल्पासाठी पैसे देतो आणि वर ‘व्यवस्थापन खर्च १० टक्क्यांच्या आत ठेवा’ अशी अट घालतो. समजा १०० च्या प्रकल्पामागे हिशोबनीस, कार्यालय, ऑडिट, प्रवास, अहवाल यांचा खरा खर्च २२ आहे आणि मिळतात १०. म्हणजे प्रत्येक प्रकल्पात १२ चा खड्डा. संस्थेला वाटतं, आणखी प्रकल्प मिळाले की भरून निघेल. पण पाच प्रकल्प झाले तर खड्डा ६० चा झाला! मग हिशोबनीस अर्धवेळ होतो, संगणक दहा वर्षं जुने राहतात, कार्यकर्त्यांचे पगार उशिरा होतात आणि वार्षिक अहवालात मात्र ‘केवळ १० टक्के व्यवस्थापन खर्च’ असं अभिमानाने छापलं जातं. ते वाचून पुढचा देणगीदारही तीच अट घालतो. देणग्यांवर चालणाऱ्या संस्थांची पारख करणाऱ्या अमेरिकेतल्या तीन मोठ्या संस्थांनी, म्हणजे गाइडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स यांनी, २०१३ मध्ये देणगीदारांना जाहीर पत्र लिहून सांगितलं की केवळ या टक्क्यावरून संस्था जोखू नका. ज्यांच्या आकडेवारीवरून लोक हा टक्का पाहायचे, त्यांनीच हे लिहावं यात काय ते आलं.

संस्थापक बिनपगारी काम करतो, ही त्याच दुखण्याची घरगुती आवृत्ती. घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजणाऱ्याबद्दल आपल्याला आदर वाटतो आणि वाटावाही. पण हिशोबाच्या दृष्टीने त्याने संस्थेचा सर्वांत मोठा खर्च झाकून ठेवलेला असतो. तो थकला की त्याच्या जागी येणाऱ्याला पगार द्यावा लागेल आणि तेवढा पैसा वहीत कधी नव्हताच. पगार घ्यायचाच नसेल तर नका घेऊ, पण रीतसर पगार लावून तेवढीच रक्कम देणगी म्हणून परत जमा दाखवा. कर सल्लागार कपाळाला आठ्या घालेल, पण संस्थेची खरी किंमत पहिल्या वर्षापासून कळेल.

मालक बदलला की

इथवरचं सगळं नीट जमलं तरी एक धोका राहतो आणि तो पैशाच्या ओढाताणीतून नाही, यशातून येतो. धंदा मोठा झाला, गुंतवणूकदार आले, संस्थापक म्हातारा झाला. आता उद्देश कुणी सांभाळायचा?

अमेरिकेत १९१९ मध्ये मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयात एक खटला निकाली निघाला. हेन्री फोर्ड यांना भागधारकांना विशेष लाभांश देणं थांबवून तो पैसा गाड्या स्वस्त करण्यात आणि कारखाना वाढवण्यात घालायचा होता. आपल्याला भरपूर मिळालंय, आता त्याचा फायदा जास्तीत जास्त लोकांना व्हावा, असा त्यांचा सूर होता. कंपनीत १० टक्के भाग असलेले डॉज बंधू कोर्टात गेले आणि जिंकले. कोर्टाने लाभांश द्यायला लावला आणि म्हटलं, धंदेवाईक कंपनी मुख्यतः भागधारकांच्या नफ्यासाठी असते. फोर्ड यांचे हेतू धुतल्या तांदळासारखे होते असं नाही. डॉज बंधू तोच पैसा स्वतःची प्रतिस्पर्धी कंपनी वाढवायला वापरत होते, हेही त्यांना सलत होतं. पण आपल्या कामापुरता मुद्दा असा की मालकाचा चांगला हेतू कागदावर नसेल तर दुसरा भागीदार त्याला आव्हान देऊ शकतो.

या भीतीवर तोडगा म्हणून वेगवेगळ्या देशांनी वेगळी कायदेशीर रूपं काढली. अमेरिकेत मेरीलँड राज्याने २०१० मध्ये ‘बेनिफिट कॉर्पोरेशन’चा पहिला कायदा केला, अशा कंपनीचे संचालक नफ्याबरोबर समाजाचाही विचार करायला बांधील असतात. ब्रिटनमध्ये २००५ पासून ‘कम्युनिटी इंटरेस्ट कंपनी’ काढता येते. तिच्या मालमत्तेला कायद्याचं कुलूप असतं, ती स्वस्तात कुणाच्या खिशात घालता येत नाही. भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याचं कलम ८ आहे, ज्याखालच्या कंपनीला लाभांश वाटता येत नाही. यातलं कोणतं घ्यायचं ते पुन्हा पहिल्या प्रश्नावर येतं. पैसा मुख्यतः विक्रीतून येणार असेल आणि भांडवल उभारायला भागीदार लागणार असतील तर लाभांशावर पूर्ण बंदी असलेलं रूप जाचक ठरतं, कारण परतावा नसताना भांडवल घालणारे थोडे. देणग्या आणि अनुदानांवर चालणार असाल तर उलट: लाभांशबंदीशिवाय करसवलत मिळणं कठीण आणि देणगीदारही बिचकतो.

सर्वांत पक्की तरतूद मालकीतच असते. जर्मनीतल्या येना गावी सूक्ष्मदर्शक बनवणारा झाइस यांचा कारखाना होता. त्यात भागीदार झालेले भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे हे गिरणी कामगाराचे पुत्र. कार्ल झाइस १८८८ मध्ये वारले आणि पुढच्याच वर्षी आबे यांनी कार्ल झाइस फाउंडेशन स्थापन केलं. नंतर आपली मालकी त्याच्याकडे सोपवली. १८९६ च्या घटनेत कामगारांचे हक्कही लिहून ठेवले. १९०० मध्ये तिथे आठ तासांचा दिवस लागू झाला. झाइस कंपनी आजही त्याच फाउंडेशनच्या मालकीची आहे. आबे यांची पुढची पिढी उदार निघाली की कंजूष, याने काही फरक पडणार नव्हता. २०२२ मध्ये पॅटागोनियाने जवळपास तसंच केलं: मतदानाचा अधिकार असलेले २ टक्के भाग एका न्यासाकडे, मताधिकार नसलेले ९८ टक्के पर्यावरणासाठी काम करणाऱ्या ना-नफा संस्थेकडे. पैसा एकीकडे आणि निर्णय दुसरीकडे, म्हणजे कुणी एकच गट दोन्ही पळवू शकत नाही.

याची दुसरी बाजूही पाहा. सूक्ष्म-वित्ताची, म्हणजे गरिबांना छोटी कर्जं देण्याची चळवळ त्यांना सावकारापासून सोडवायला निघाली. बांगलादेशच्या ग्रामीण बँकेत मालकी बहुतांशी कर्जदार बायकांकडेच ठेवली होती. भारतात मात्र काही संस्था ना-नफा म्हणून सुरू होऊन कंपन्या झाल्या, बाहेरचं भांडवल आलं, आणि त्या भांडवलाला वेगाने वाढणारी कर्जं हवी होती. २०१० च्या ऑगस्टमध्ये या क्षेत्रातली एक मोठी कंपनी शेअर बाजारात उतरली. ऑक्टोबरमध्ये आंध्र प्रदेश सरकारला सक्तीच्या वसुलीच्या तक्रारींवरून अध्यादेश काढावा लागला. या कंपन्यांत काम करणारे सगळे अचानक निर्दय झाले होते का? मला तसं वाटत नाही. मालक बदलले होते आणि मालकांना हवं ते बदललं होतं.

छोट्या उद्योगाला फाउंडेशन काढायची गरज नाही. भागीदारी करारात किंवा कंपनीच्या नियमावलीत दोन कलमं पुरतात: देण्याचा टक्का ठरावीक बहुमताशिवाय बदलता येणार नाही, आणि धंदा विकल्यास मिळणाऱ्या रकमेचा अमुक भाग अमुक कामाला जाईल. वकील हे अर्ध्या दिवसात लिहून देतो. भागीदारांमध्ये गोडी असते तोवरच लिहून घ्यावं.

मोजायचं काय

मोजमापावर पोथ्या लिहिल्या गेल्या आहेत. लहान संस्थेने त्यात बुडू नये. एकच फरक ध्यानात ठेवला तरी पुष्कळ: किती वाटलं हा एक आकडा, आणि त्याने काय बदललं हा दुसरा. २००६ मध्ये सुरू झालेली टॉम्स ही कंपनी एका बुटाच्या जोडामागे एक जोड गरीब मुलाला देत असे. कंपनीने स्वतःहून संशोधकांना बोलावून एल साल्वादोरमध्ये परिणाम तपासायला सांगितलं. मुलांना बूट आवडले होते, ती ते घालतही होती. पण त्यांच्या आयुष्यात फारसा मोजण्यासारखा फरक पडला नव्हता, कारण बहुतेकांकडे आधीच कसलंतरी पादत्राण होतं. शिवाय आपल्या घरच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात असं म्हणण्याकडे त्या मुलांचा कल थोडा वाढलेला दिसला. निष्कर्ष गैरसोयीचा असूनही तो छापू दिला, याचं श्रेय कंपनीला द्यायला हवं. पुढे तिने जोडामागे जोड देणं सोडून नफ्याचा एक तृतीयांश भाग स्थानिक संस्थांना देण्याची रीत स्वीकारली.

तेव्हा वर्षातून एकदा, ज्यांच्यासाठी काम चाललंय त्यांच्यातल्या वीस-पंचवीस जणांना, वस्तू किंवा सेवा मिळून सहा महिने झाल्यावर विचारा: हे मिळालं नसतं तर तुम्ही काय केलं असतं? आणि हे विचारायला वाटप करणाऱ्याच माणसाला पाठवू नका. त्याला कुणी खरं सांगत नाही. उत्तर ‘दुसरीकडून घेतलं असतं’ असं येत राहिलं तर तो पैसा दुसऱ्या कामाला लावायची वेळ झाली.

शेवटचं कलम

नोंदणीच्या कागदांत संस्था बंद झाल्यास मालमत्तेचं काय, असं एक कलम असतं. नमुन्यातून उतरवून घेतात आणि कुणी वाचत नाही. ते नीट लिहावं: उरलेला पैसा, उपकरणं आणि नोंदी कोणत्या प्रकारच्या संस्थेकडे जातील, कोण ठरवेल, आणि काम चालू असलेल्या माणसांना किती आधी सांगायचं. बंद होणं ही नेहमीच हार नसते. चक फीनी या अमेरिकी उद्योजकाने १९८४ मध्ये आपल्या व्यवसायातला जवळपास सगळा हिस्सा गाजावाजा न करता ॲटलांटिक फिलँथ्रॉपीज या संस्थेकडे वळता केला. पुढे त्या संस्थेने ठरवून टाकलं की सगळा पैसा फीनी यांच्या हयातीतच खर्च करायचा. सुमारे ८ अब्ज डॉलर देऊन झाल्यावर २०२० मध्ये तिने रीतसर दार लावलं. ती तारीख आधीच ठरलेली असल्यामुळे अनुदान घेणाऱ्या संस्थांना पुढची सोय करायला काही वर्षं मिळाली होती.